मटारातलं सत्त्व ताटापर्यंत कसं पोचवायचं

डिसेंबर लागला की माझ्या डब्यांत आठवड्यातून तीनदा तरी मटार जातो. मी लालबागला राहते, 14 वर्षं घरून जेवणाचे डबे देते, सध्या 28 डबे आहेत. मटार पोरांना आवडतो, म्हाताऱ्यांना आवडतो, आणि भाव उतरला की मलाही परवडतो. पण त्यात नेमकं काय असतं आणि ते कशाने वाया जातं, हे मी शिकले ते एका डब्यामुळे.

आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. त्यांना मधुमेह आहे. त्यांनी एकदा विचारलं, "वहिनी, मला मटार चालेल ना?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं? भाजीच तर आहे." त्या दिवशी डब्यात मटार-बटाट्याचा रस्सा, 3 पोळ्या आणि भाताची मूद होती. संध्याकाळी त्यांची मुलगी खाली आली. ती नर्स आहे. शांतपणे म्हणाली, "वहिनी, मटार भाजीत धरू नका, कडधान्यात धरा. पोळी, भात, बटाटा आणि वर मटार, म्हणजे बाबांच्या ताटात भाजी उरलीच कुठे?"

तेव्हापासून मी मटाराला अर्धं कडधान्य मानते. सोललेला दाणा हिरवा असतो, भाजीवालीकडे मिळतो, म्हणून आपण त्याला भाजीच्या रांगेत बसवतो. पण तो बी आहे. तूर, मूग, हरभरा यांच्याच कुळातला. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं: किती घ्यायचा, कशाबरोबर द्यायचा, कोणत्या दिवशी बटाटा वगळायचा.

एका वाटीत काय असतं

आधी तुमच्या वाटीचं वजन करा. माझी आमटीची वाटी दाण्यांनी सपाट भरली की साधारण 100 ग्रॅम भरतात. एवढ्या ताज्या दाण्यांत 81 कॅलरी असतात, प्रथिनं 5.4 ग्रॅम, कर्बोदकं 14 ग्रॅमच्या थोडी वर, आणि त्यातलेच 5 ते 6 ग्रॅम तंतू. चरबी अर्धा ग्रॅमही नाही. आता शेजारी इतर भाज्या ठेवून बघा. तेवढ्याच कोबीत प्रथिनं सव्वा ग्रॅमच्या आसपास, फ्लॉवरमध्ये 2, पालकात जेमतेम 3. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या थोडी वर असतात. म्हणजे वाटीभर मटार एका अंड्याच्या जवळ जाऊन उभा राहतो. अंडं न खाणाऱ्या घरांत मी हे मुद्दाम सांगते.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन मटारात भरपूर असतं आणि मेथिओनिन कमी. गहू-तांदळाचं नेमकं उलटं. म्हणून उसळ-पोळी किंवा मटार-भात एकत्र खाल्ले की दोघांची उणीव भरून निघते. नुसती मटाराची वाटी चमच्याने खाण्यापेक्षा ती पोळीबरोबर खाल्लेली बरी.

क जीवनसत्त्व ताज्या, कच्च्या दाण्यांत 100 ग्रॅमला 40 मिलिग्रॅम असतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जी दैनंदिन गरज ठरवली, त्यात बाईमाणसाला 65 मिलिग्रॅम धरलंय. फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, 65 मायक्रोग्रॅम, गरज 220 ची, म्हणजे जवळपास 30 टक्के एका वाटीत. के जीवनसत्त्व 25 मायक्रोग्रॅम. बी-1 सुद्धा चांगलं, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तेच कमी असतं, म्हणून मटार-भात मला साध्या भातापेक्षा पटतो. डोळ्यांना लागणारं ल्युटिनही यात आहे.

लोहाबद्दल मात्र खरं ते सांगते, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहे. माझ्या डब्यांत एक कॉलेजची मुलगी आहे, तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं. तिच्या आईने सांगितलं, "रोज मटार द्या, रक्त वाढतं." 100 ग्रॅम मटारात लोह दीड मिलिग्रॅम. बाईची दिवसाची गरज 29 मिलिग्रॅम. मटारावर ही भर निघणार नाही. तिच्या आईला मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवायला सांगितलं, आणि डब्यात उसळीबरोबर लिंबाची फोड घालायला लागले. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं, तेव्हा तो चहा तासभर पुढे ढकलायला लावला.

बाजारात

मी पहाटे करी रोडहून गाडी पकडते आणि दादरला उतरते. सेनापती बापट मार्गावर तेव्हा पोती उघडत असतात. थंडीत माल मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाबकडून वाशीच्या मार्केटमार्गे येतो. पावसाळ्यात पुरंदरकडची शेंग येते, तिची चव वेगळी, आणि ती मिळाली की मी सोडत नाही.

शेंग निवडताना मूठभर हातात घेऊन एकमेकींवर घासा. ताजी असेल तर करकर आवाज येतो. शिळ्या शेंगा गप्प राहतात. देठाकडची टोपी हिरवी हवी. शेंग भरलेली हवी पण टचटचीत फुगलेली नको. तशा शेंगेतला दाणा जून झालेला असतो, त्यात साखर कमी आणि स्टार्च जास्त. पिवळट, जाळी धरलेली शेंग बाजूला टाका. आणि एक शेंग सोलून दाणा तोंडात टाकल्याशिवाय वजन करू देऊ नका. माझी दादरची मावशी स्वतःच शेंग सोलून पुढे करते, "खाऊन बघ गो, मग घे."

किलोला दाणे किती निघतात ते सीझनभर बदलतं. मी वहीत लिहून ठेवते. डिसेंबरच्या सुरुवातीच्या चपट्या शेंगांना मला किलोमागे 380 ग्रॅम मिळाले होते, जानेवारीच्या मध्यावर 460. म्हणजे शेंगेचा भाव विचारून थांबू नका, त्याला साधारण 2.2 ते 2.6 ने गुणा, तो दाण्याचा खरा भाव.

सोललेले दाणे पाण्यात बुडवून ठेवलेले असतात, ते मी घेत नाही. दिसतात टपोरे, पण क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही पाण्यात उतरणारी. ते पाणी आपल्या घरी येत नाही.

शेंग झाडावरून तोडली तरी आतला दाणा जिवंत असतो. तो श्वास घेत राहतो आणि आपल्यातली साखर स्टार्चमध्ये बदलत राहतो. उष्ण हवेत हे भराभर होतं, थंडीत मंदावतं. म्हणून सकाळी घेतलेला गोड मटार संध्याकाळी पिठूळ लागायला लागतो. घरी आणल्यावर शेंगा धुऊ नका. कापडी पिशवीत, सालासकट, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि 3-4 दिवसांत संपवा. धुवायच्या त्या सोलायच्या आधी, म्हणजे दाणे पुन्हा पाण्यात घालावे लागत नाहीत.

माझी धाकटी बहीण चर्चगेटला नोकरी करते, बोरिवलीला राहते. संध्याकाळी लेडीज डब्यात खिडकीपाशी जागा मिळाली की मांडीवर पिशवी घेते. अंगठ्याने शेंगेच्या पोटावर दाबलं की टक्‌ करून फुटते, बोट फिरवलं की दाणे स्टीलच्या डब्यात, साल दुसऱ्या पिशवीत. समोरची अनोळखी बाई न विचारता मूठभर शेंगा उचलते आणि सोलायला लागते. अंधेरीपर्यंत किलोभर होतो. तिला मी एकच सांगितलंय: घरी गेल्यावर डबा घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या सकाळी कढईत. सोललेला दाणा शेंगेतल्या दाण्याइतका टिकत नाही.

एक गोष्ट माझ्या भाच्याने सांगितली, ती मला फार आवडली. ज्या मटारावर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने 1856 पासून 1863 पर्यंत ब्रनो शहरातल्या मठात प्रयोग केले, त्यात एक जोडी वाळल्यावर गोल राहणाऱ्या दाण्याची आणि सुरकुतणाऱ्या दाण्याची होती. सुरकुतणाऱ्या दाण्यात स्टार्च बनवायला मदत करणारा एक पदार्थ, एन्झाइम, काम करत नाही, साखर जास्त उरते, ओला दाणा पाणी जास्त धरतो, म्हणून वाळला की आक्रसतो. आपण ताजा खातो तो गोड मटार बहुधा याच सुरकुतणाऱ्या घराण्यातला. रगड्याचा पांढरा वाटाणा बघा, तो कसा गुळगुळीत गोल असतो.

शिजवताना

इथेच सगळ्यात जास्त सांडलवंड होते. उकळत्या पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलेल्या मटारात क जीवनसत्त्व 40 वरून 14 मिलिग्रॅमवर येतं. काही उष्णतेने जातं, काही पाण्याबरोबर मोरीत. प्रथिनं आणि तंतू मात्र जागेवर राहतात. तेव्हा पहिला नियम, पाणी फेकायचं नाही. आपली उसळ या बाबतीत अगदी शहाणी आहे. दाण्यातून जे पाण्यात उतरतं ते रश्श्यात राहतं आणि रस्सा पोळीने पुसून पोटात जातो.

दुसरा नियम, सोडा नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं चिमूटभर खायचा सोडा घालत होते, कारण रंग पाचूसारखा राहायचा. दाणे बोटाने दाबले की साल सुटून यायची, तरी मी घालत राहिले. सोड्याने बी-1 आणि क दोन्ही नासतात. आता वाईट वाटतं, 2 वर्षं लोकांना मी रंग वाढला आणि सत्त्व काढून घेतलं.

रंग राखायला सोडा लागतच नाही. मटार शिजायला लागला की त्यातून आम्ल वाफेवाटे बाहेर पडतं. झाकण असलं तर ते परत पाण्यात पडतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून पहिली 3-4 मिनिटं कढई उघडी ठेवा, मग अर्धं झाकण. टोमॅटो, चिंच, लिंबू आधी घालायचं नाही. आंबटाने रंगही जातो आणि दाणा लवकर मऊ होत नाही.

4 माणसांची माझी उसळ अशी. साधारण 450 ग्रॅम दाणे. 4 हिरव्या मिरच्या, इंचभर आलं, 5-6 लसणीच्या पाकळ्या, मूठभर कोथिंबीर देठांसकट आणि पाव वाटी ओलं खोबरं एकत्र वाटून घ्या. 2 चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. फोडणीत वाटण 2 मिनिटं परता, कच्चा वास गेला की दाणे टाका, हळद नाही. दीड वाटी पाणी शेजारच्या शेगडीवर आधीच उकळून ठेवलेलं असू द्या. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि दाणा जास्त वेळ विस्तवावर राहतो. कोवळा मटार 8 मिनिटांत होतो, जून 12 घेतो. दाणा दोन बोटांत दाबून बघा, आतला गर लोण्यासारखा दबला पण साल फाटली नाही, की झाला. मीठ शेवटी. लिंबू ताटात, कढईत नाही. पोह्यांत घालायचे असतील तर फोडणीतच झाकण न ठेवता पाण्याच्या हबक्यावर शिजवा.

काकांच्या डब्यात आता काय जातं ते सांगते. मटाराचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचं माप, 50 च्या आसपास असतो, म्हणजे कमी गटात, आणि तंतूंमुळे साखर सावकाश चढते. त्यामुळे मटार त्यांना वर्ज्य नाही. पण वाटीभर उसळ असेल त्या दिवशी बटाटा नाही, भात नाही, पोळ्या 2, आणि शेजारी काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर. पाव हवाच असेल तर एक. हे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना दाखवून ठरवलंय. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियम आणि प्रथिनांसाठी, युरिक अॅसिड वाढलेलं असेल तर प्युरीनसाठी (शरीरात त्याचंच युरिक अॅसिड बनतं), आणि रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्वासाठी विचारायला हवं. त्या गोळीवर असणाऱ्याने एक दिवस भरपूर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नये.

लहान बाळाला अख्खा दाणा कधीही नको, घशात अडकतो. शिजवून, कुस्करून, साल काढून द्या.

गोठवलेला आणि वाळलेला

सीझन उतरला की पाकीट आणावं लागतं. त्यात मी कमीपणा मानत नाही. कारखान्यात मटार तोडल्यावर लवकरच उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, त्याने रंग-चव बिघडवणारी एन्झाइम्स थांबतात, आणि मग गोठवतात. त्या उकळण्यात क जीवनसत्त्व निम्म्यावर, 18 मिलिग्रॅमच्या आसपास येतं. प्रथिनं-तंतू जवळपास तेवढेच. 4 दिवस उन्हातान्हात फिरलेल्या शेंगेपेक्षा चांगलं पाकीट मला जास्त खात्रीचं वाटतं. घेताना चाचपून बघा, दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकच गठ्ठा हाताला लागला तर तो माल मध्ये वितळून पुन्हा गोठलेला आहे. मीठ घातलंय का ते मागे वाचा. आणि तो आधीच अर्धा शिजलेला असतो, म्हणून उकळत्या रश्श्यात शेवटची 4-5 मिनिटंच. कच्चा मात्र खाऊ नका.

घरी साठवायचा असेल तर जानेवारीत, भाव तळाला असताना. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळवा, अर्धा किलो दाणे एका वेळी, दीड ते 2 मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. मग पंच्यावर पसरून अगदी कोरडे करा, ताटात एका थरात गोठवा आणि नंतरच पिशवीत भरा. घरच्या फ्रिजरमध्ये मी 3 महिन्यांपलीकडे ठेवत नाही.

वाळलेले हिरवे वाटाणे हे पूर्ण कडधान्य. सुक्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 24 ग्रॅमच्या आसपास, पण क जीवनसत्त्व नावापुरतं. मोड आणले तर ते थोडं परत येतं. माझ्या सासूबाई मालवणच्या, काळ्या वाटाण्याला मोड आल्याशिवाय त्या उसळ करायच्याच नाहीत, आंबोळीबरोबर. भिजवलेलं पाणी फेकून द्या, पोट फुगवणाऱ्या शर्करा त्यात उतरतात. इथे पाणी फेकायचं आणि ताज्या मटाराचं ठेवायचं, हा फरक विसरू नका.

एकदा किराणा दुकानातून आणलेले हिरवे वाटाणे रात्री भिजवले आणि सकाळी पातेल्यात पोपटी शाईसारखं पाणी. सगळे टाकून दिले, त्या दिवशी 28 डब्यांत मूग गेले. आता दरवेळी आणले की काचेच्या ग्लासात मूठभर दाणे, वर पाणी, ढवळून अर्धा तास. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, घरी करायला सांगितलेली हीच तपासणी आहे. रंग सुटून पाणी हिरवं झालं तर मॅलाकाइट ग्रीनसारखा रंग चढवलेला आहे समजा आणि घरात ठेवू नका.

राहिली सालं. कोवळ्या शेंगेची साल देठाकडून आतल्या बाजूला मोडा, पारदर्शक पापुद्रा धरून खाली ओढा, तो पूर्ण निघतो. उरलेली मांसल साल बारीक चिरून लसणाच्या फोडणीवर परता, थोडं बेसन भुरभुरा. किलोभर शेंगांत दोघांपुरती भाजी होते. साल जून असेल तर पापुद्रा तुटतो. तेव्हा ओढत बसू नका. स्वच्छ धुऊन 15 मिनिटं उकळा, गाळा, आणि त्या हिरव्या गोडसर पाण्यात मुगाची आमटी करा.